घडीचा चाकू पारखताना

घडीच्या चाकूचा कस त्याच्या सांध्यात लागतो. पाते उत्तम पोलादाचे आणि मूठ शिसवीची असली, तरी ज्या खिळ्याभोवती पाते फिरते तो खिळा ढिला असेल, पाते धरून ठेवणारी कमान पोचट असेल किंवा लॉक अर्धवट बसत असेल, तर तो चाकू धड कापतही नाही आणि कापणाऱ्याची बोटेही सांभाळत नाही. साध्या सुरीत पाते आणि मूठ एकमेकांना कायमची जखडलेली असतात. घडीच्या चाकूत मात्र कापण्याचा सगळा जोर काही मिलिमीटर जाडीच्या एका खिळ्यावर येतो. म्हणून नव्या चाकूत आधी सांधा पाहावा, मग पोलाद, मग धार आणि रूप सर्वात शेवटी. दुकानात बहुतेकदा हा क्रम उलटा चालतो. चकचकीत पाते नजरेत भरते आणि सांधा हलवून पाहायचे राहून जाते.

चाकू कशासाठी हवा, हे ठरवल्याशिवाय त्याची पारख करता येत नाही. मध्य प्रदेशातला बऱ्हाणपूर जिल्हा केळीचा. तापीकाठच्या मळ्यांत घड उतरवायला कोयता किंवा विळा लागतो. त्या कामात घडीचा चाकू आणू नये. त्याची कामे लहान असतात, पण दिवसभर चालतात. निसवण झाल्यावर घडाखालचे केळफूल छाटणे, फण्यांच्या टोकांची वाळकी फुले काढणे, घडावर चढवलेल्या पिशवीची दोरी कापणे, ठिबकची नळी सरळ छेदणे, खताच्या गोणीची शिवण उसवणे, अशी ही कामे. शहरातल्या यंत्रमागांवर धाग्यांची टोके आणि गाठी कापायला लहान, बारीक टोकाचे पाते पुरते. लिंबू, संत्रा किंवा आंब्याची कलमे करणाऱ्याला सरळ धारेचे, शक्यतो एकाच बाजूने घासलेले पाते लागते, कारण त्याने काप सपाट पडतो आणि साल सालीला नीट चिकटते. केळफूल छाटायला किंचित आत वळलेले पाते बरे. ते देठावरून घसरत नाही. एकच चाकू ही सगळी कामे सारख्याच चांगल्या रीतीने करील, हे दुकानदाराने सांगितले तरी मानू नये. रोजच्या किरकोळ कामासाठी सात ते नऊ सेंटिमीटर लांबीचे, पाठीशी दोन ते तीन मिलिमीटर जाडीचे साधे पाते बहुतेकांना पुरते.

लांबीबाबत कायद्याचाही विचार हवा. १९५९च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंची गणना शस्त्रांत होते. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. मध्य प्रदेशात याहून कडक बंधन आहे. राज्य शासनाच्या नोव्हेंबर १९७४च्या अधिसूचनेनुसार सहा इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे धारदार हत्यार सार्वजनिक ठिकाणी बाळगता येत नाही. स्प्रिंगच्या जोरावर उघडणाऱ्या चाकूला तर पाते कितीही लहान असले तरी ही मनाई लागू आहे. त्यामुळे बटण दाबताच पाते बाहेर उडणारा खटक्याचा चाकू बऱ्हाणपुरात खिशात घालून फिरण्याजोगा नाही. पाते अर्धवट ढकलल्यावर पुढचे काम स्प्रिंग करते, असे चाकूही हल्ली विकायला असतात. त्यांपासूनही दूर राहावे. नखाच्या खाचेत नख घालून किंवा अंगठ्याने ढकलून, पूर्णपणे हाताने उघडायचा चाकूच घ्यावा. यात कामाचे काही नुकसान नाही. आपोआप उघडणाऱ्या यंत्रणेत धूळ आणि चीक शिरला की बिघडणारा पहिला भाग तोच असतो.

आता चाकू हातात घेऊन पाहायचा. सुरुवात मिटलेल्या चाकूपासून करावी. पात्याचे टोक मुठीच्या कडेखाली पुरते बुडालेले असावे. ते जरासे वर राहिले तरी खिसा फाटतो आणि किल्ली शोधणारे बोट कापते. चाकू उजेडाकडे धरून मुठीच्या फटीतून पाहिले, तर पाते दोन्ही बाजूंपासून सारख्या अंतरावर, मधोमध दिसले पाहिजे. ते एका पत्र्याला टेकत असेल तर उघडता-मिटताना घासते, पात्यावर ओरखडा उठतो आणि कालांतराने धारही त्या पत्र्याला लागते. मुठीच्या दोन्ही बाजू, आतले पत्रे आणि पाठीची कमान यांच्यामधून उजेड आरपार दिसू नये. जिथे फट तिथे पुढे पाणी, माती आणि गंज. बोट मुठीच्या सगळ्या कडांवरून फिरवावे. कुठे खिळ्याचे डोके वर आलेले, कुठे पत्र्याची धार टोचते, असे आढळले तर आत दिसत नाही त्या भागातही कारागिराने तेवढीच काळजी घेतली असणार, असे समजायला हरकत नाही.

मग चाकू सावकाश उघडावा. पाते सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारख्या ताणाने फिरले पाहिजे. मध्येच अडखळणे, करकरणे, एखाद्या कोनात एकदम सैल पडणे हे खिळ्याच्या भोकाचे किंवा पात्याच्या मुळाचे काम ओबडधोबड झाल्याचे लक्षण आहे. लॉक नसलेल्या जुन्या धाटणीच्या चाकूत पाठीची कमानच पात्याला दोन्ही टोकांना धरून ठेवते. अशा चाकूत पाते पूर्ण उघडले की ‘टक्’ असा स्पष्ट आवाज यावा, आणि थोडेसे उघडून सोडले तर त्याने स्वतःहून मागे जाऊन मिटावे. उघडलेल्या आणि मिटलेल्या, दोन्ही स्थितींत कमान मुठीच्या पाठीशी सपाट बसलेली असावी. नखाला पायरी लागू नये. कमान फार कडक असणे हाही दोषच. नख तुटेल इतका जोर लावावा लागत असेल, तर भिजल्या हातांनी तो चाकू उघडणारच नाही. याच प्रकारात आणखी एक गोष्ट पाहायची असते. पाते जोरात मिटले तर त्याची धार आतल्या कमानीवर आपटते का? आपटत असेल तर धारेच्या मध्यावर कुठेतरी एक बोथट ठिपका दिसतो आणि धार कितीही लावली तरी तो परत येतो. हा दोष मूळ बनावटीतला असल्यामुळे घरी दुरुस्त होत नाही.

लॉक असलेल्या चाकूंचे मुख्य तीन प्रकार बाजारात मिळतात. पहिल्यात पाठीवरचा दांडा दाबून पाते सोडवायचे असते. दुसऱ्यात मुठीच्या आतली पातळ पट्टी बाजूला सरकून पात्याच्या मुळाखाली उभी राहते. तिला लायनर लॉक म्हणतात. तिसऱ्यात मुठीच्या तोंडाशी असलेले कडे फिरवून पाते अडवायचे असते. हे कडे ओपिनेल या फ्रेंच चाकूमुळे जगभर पोचले. जोझेफ ओपिनेलने १८९० साली साव्हॉय प्रांतात बनवायला घेतलेल्या या लाकडी मुठीच्या चाकूला कड्याचे लॉक १९५५ साली जोडले गेले. पाठीच्या लॉकमध्ये पाते खाली-वर हलवून पाहावे; तिथे जरा ढिलाई सापडणे नवलाचे नाही, पण ‘खट्खट्’ आवाज आला तर तो चाकू ठेवून द्यावा. लायनर लॉकमध्ये नव्या चाकूची पट्टी पात्याच्या मुळाच्या रुंदीत साधारण पाव ते अर्ध्या भागावर येऊन थांबावी. कडेवर जेमतेम टेकत असेल तर दाबाखाली निसटेल. पलीकडच्या टोकाला जाऊन भिडत असेल तर झीज भरून काढायला तिच्याकडे जागाच उरलेली नाही. कड्याचे लॉक साधे, सहज साफ होणारे आणि बिनधोक. त्याची अडचण मुठीच्या लाकडात आहे. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि पाते मुठीत अडकून बसते. पावसात भिजत काम करणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

लॉकची परीक्षा बेतानेच घ्यावी. चाकू उघडून मूठ अशी धरावी की पाते मिटलेच तर त्याच्या वाटेत एकही बोट येणार नाही. मग पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच दाबावी, दोन-तीनदा हलकेच टेकवावी. लॉक जागचे हलता कामा नये. काही लोक पाठ दणादण आपटून ‘मजबुती’ तपासतात. त्याने चांगले लॉकही बिघडते आणि त्यातून काही कळत नाही, कारण कामात जोर धारेकडून येतो, पाठीकडून क्वचित. शेवटी पात्याचे टोक चिमटीत धरून डाव्या-उजव्या बाजूला हलवावे. बाजूची ही ढिलाई स्क्रूच्या सांध्यात थोडी असेल तर स्क्रू आवळून जाते. मात्र आवळल्यावर पाते जाम होत असेल तर आतले वॉशर चुकीचे आहेत. रिव्हेट ठोकलेल्या सांध्यात नवा असतानाच ढिलाई असेल तर तो चाकू घेऊ नये. ती उत्तरोत्तर वाढतच जाते, आणि खिळा पुन्हा ठोकून घ्यायला लोहाराकडेच जावे लागते.

स्क्रू की रिव्हेट, या प्रश्नाचे उत्तर कामावर अवलंबून आहे. रिव्हेट आपोआप सैल होत नाही, पण उघडून धुता येत नाही. स्क्रूचा सांधा खोलता येतो, मात्र त्याचे टॉर्क्स पान्यासारखे छोटे हत्यार जवळ ठेवावे लागते. महागड्या चाकूंत हल्ली पाते बारीक छऱ्यांच्या बेअरिंगवर फिरते. दुकानात ते फार गुळगुळीत वाटते, पण तापीच्या खोऱ्यातली काळी माती त्या छऱ्यांत शिरली की सांधा वाळू भरल्यासारखा करकरतो. मळ्यातल्या कामासाठी साधा पितळी किंवा कांस्याचा वॉशर बेअरिंगहून कितीतरी चांगला.

पोलादाकडे वळताना एक गोष्ट आधी पक्की करावी. पोलादाचे नाव आणि पोलादाची गुणवत्ता यांत फरक आहे. पाते कोणत्या पोलादाचे आहे, याइतकेच त्याला पाणी कसे दिले आहे हे महत्त्वाचे. कार्बन पोलाद साधारण आठशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवले की कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. मग ते पुन्हा दोनशे अंशांच्या आसपास तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. ही दुसरी पायरी घाईत उरकली तर धारेला खांडी पडतात. पहिलीच अर्धवट झाली तर धार दुमडते. उत्तम प्रतीचे पोलाद चुकीचे पाणी देऊन वाया जाते, आणि ट्रकच्या कमानीच्या पाट्यासारख्या साध्या पोलादातून जाणता लोहार वर्षानुवर्षे टिकणारे पाते काढतो. अशा पाट्याच्या पोलादात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का असतो. ते चिवट असते, पटकन तुटत नाही आणि साध्या दगडावर त्याला धार येते. बऱ्हाणपूरच्या जुन्या शहराला लोहारमंडी नावाचा दरवाजाच आहे. कारखान्यात बनलेल्या चाकूसमोर लोहाराच्या हातचा चाकू कमअस्सल मानायचे कारण नाही, फक्त त्यालाही याच कसोट्या लावाव्यात.

पोलादाचा कडकपणा रॉकवेल मापात मोजतात. खिशातल्या चाकूसाठी या मापावर ५५ ते ६० हा पल्ला योग्य. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचे चाकू ५५-५६च्या आसपास ठेवलेले असतात. त्यामुळे धार लवकर उतरते, पण दोन मिनिटांत परत येते. ६०च्या पुढचे पोलाद धार खूप दिवस टिकवते, मात्र ते घासायला हिऱ्याच्या भुकटीची पट्टी लागते आणि तिरक्या जोराने त्याची कपची उडू शकते. जो माणूस स्वतः धार लावतो, त्याला मऊसर पोलाद बरे; जो वर्षातून एकदा धारवाल्याकडे जातो, त्याला कडक. पात्याच्या मुळाशी पोलादाची जात कोरलेली असेल तर ती वाचावी. ४२० हे स्वस्त आणि मऊ, पण गंजाला दाद न देणारे. ४४०सी त्याहून बरेच कडक. डी-२मध्ये सुमारे दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असते. ते धार उत्तम धरते, पण पूर्ण स्टेनलेस नसते आणि ओले ठेवले तर डाग पडतात. नुसते ‘सर्जिकल स्टील’, ‘जपानी स्टील’ किंवा ‘हाय कार्बन’ लिहिलेले असेल तर त्यातून काहीच कळत नाही.

स्टेनलेस म्हणवण्यासाठी पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागते. इंग्लंडच्या शेफील्ड शहरात हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ साली असे पोलाद ओतले आणि चाकू-सुऱ्यांच्या धंद्याची दिशाच बदलली. पण सगळेच स्टेनलेस चाकूच्या कामाचे नसते. चमचे, डबे आणि भांडी ज्या ३०४ जातीच्या पोलादाची असतात, ते पाणी देऊन कडक होत नाही. ते ओळखायला लहानसे लोहचुंबक पुरते. चुंबक पात्याला चिकटत नसेल तर ते पाते कडक केलेले नाही आणि त्याची धार टिकणार नाही, हे नक्की समजावे. चिकटले म्हणजे पोलाद उत्तम, असे मात्र नाही. चुंबकाला चिकटणारी मऊ पोलादेही पुष्कळ आहेत. ही कसोटी नापास ठरवायला उपयोगी आहे, पास ठरवायला नाही.

पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असलेले ‘दमास्कस’ चाकू सध्या फार दिसतात. खरी नक्षी दोन वेगवेगळ्या पोलादांचे थर एकमेकांत ठोकून, मग आम्लात बुडवून उठवलेली असते. ती पात्याच्या पाठीवरही दिसते आणि धारेपर्यंत सलग जाते. वरून छापलेली किंवा लेसरने कोरलेली नक्षी पाठीवर नसते आणि धार घासली की तिथून पुसली जाते. खऱ्या थरांच्या पोलादानेही पाते आपोआप चांगले कापत नाही. नक्षी आवडली म्हणून घ्यायची असेल तर जरूर घ्यावी. कापण्याची परीक्षा वेगळी घ्यावी.

केळीच्या पट्ट्यात पोलादाची निवड करताना चिकाचा विचार टाळता येत नाही. केळीच्या चिकात टॅनिनसारखी द्रव्ये असतात. लोखंडाशी त्यांचा संयोग झाला की निळसर-काळा थर तयार होतो, त्यामुळे साध्या कार्बन पोलादाचे पाते पहिल्याच दिवशी काळपट पडते. हा काळेपणा दोष नाही. उलट तो पात्याला थोडेफार झाकतोच. दोष आहे तो तांबूस, खरखरीत गंजाचा, कारण तो पोलाद खातो. रोज संध्याकाळी पाते धुऊन, कोरडे पुसून, खोबरेल तेलाचे बोट फिरवण्याची सवय असेल तर कार्बन पोलादासारखे सुख नाही. त्याला लागते तशी धार याच भावात स्टेनलेसला क्वचितच लागते. ही सवय नसेल तर स्टेनलेसच घ्यावे. याच चाकूने कधी फळही चिरायचे असते, म्हणून पात्याला यंत्राचे तेल लावू नये.

चिकाहून गंभीर बाब आहे मातीची. केळीचा पनामा मर रोग पसरवणारी फ्युजेरियम बुरशी मातीत राहते, आणि तिचा टीआर-४ हा घातक प्रकार बऱ्हाणपूर भागातही आढळलेला आहे. बूट, अवजारे आणि पात्यांना चिकटलेली माती एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात रोग नेऊ शकते. म्हणून मळ्यासाठीचा चाकू निवडताना तो किती साफ करता येतो, हा एक स्वतंत्र निकष मानला पाहिजे. मुठीची पाठ बंद असेल तर आत गेलेला चीक-चिखल काडीने उकरावा लागतो. पाठ उघडी असेल तर पाण्याच्या धारेखाली सगळे वाहून जाते. नक्षीच्या खाचा, जाळीदार मूठ, दहा-बारा अवजारांची दाटी हे सगळे माती धरून ठेवणारे भाग आहेत. निर्जंतुक करायला सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण वापरतात, पण आधी माती धुऊन काढावी लागते. मातीत ते द्रावण निकामी होते. शिवाय ते स्टेनलेसलाही खाते, म्हणून नंतर साध्या पाण्याने धुऊन पुसणे चुकवू नये. स्प्रिंगा, बेअरिंग आणि कोनाडे जितके कमी, तितका हा रोजचा उपद्व्याप सोपा.

धार पाहायची ती नजरेने. चाकू उजेडाखाली धरून धारेकडे समोरून पाहावे. तीक्ष्ण धार दिसतच नाही. जिथे उजेडाची रेघ किंवा ठिपका चमकतो तिथे ती बोथट किंवा तुटलेली असते. मग दोन्ही बाजूंची घासणी पाहावी. धारेलगतची तिरकी पट्टी दोन्हीकडे सारख्याच रुंदीची आणि मुळापासून टोकापर्यंत सलग हवी. एका बाजूला ती रुंद आणि दुसरीकडे अरुंद असेल तर चाकू कापताना एका अंगाला ओढतो. टोकाशी निळसर किंवा तांबूस रंगाची झाक असेल तर घासताना तिथे पोलाद जास्त तापले आहे आणि त्याचे पाणी उतरले आहे. धारेमागचे पाते जाड असेल तर चाकू कितीही धारदार असो, तो कापत नाही, फाडतो. कांद्यात किंवा कच्च्या केळात तो रुतून बसतो. अर्धी धार करवतीच्या दात्यांची असलेले चाकू दोरीसाठी चांगले म्हणून विकले जातात. त्या दात्यांना धार लावणे बहुतेकांना जमत नाही आणि साध्या धारेची उपयोगी लांबी अर्धीच उरते, तेव्हा एकच चाकू घ्यायचा असेल तर तो सरळ धारेचा घ्यावा.

मूठ पाहताना चारही बोटे तिच्यावर मावतात का, हे आधी पाहावे. हात ओला करून ती धरून पाहिली तर आणखी बरे, कारण चिकाने माखलेल्या हातात गुळगुळीत धातूची मूठ फिरते. पात्याच्या मुळाशी बोट पुढे सरकू न देणारा उंचवटा असावा. शिसवी लाकूड आणि शिंग दिसायला सुंदर असतात, पण उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत आक्रसून त्यांना चिरा पडू शकतात. फायबरच्या मुठीला हा त्रास नाही. रंग भडक असला तर तो कामाचाच. केळीच्या वाळक्या पाचोळ्यात पडलेला तपकिरी किंवा काळा चाकू पुन्हा सापडत नाही. दोरी ओवायला मुठीच्या टोकाला भोक असावे.

एका मुठीत अनेक अवजारे असलेल्या चाकूंचा नमुना कार्ल एल्सनरच्या कारखान्याने, म्हणजेच पुढच्या व्हिक्टोरिनॉक्सने, घालून दिला. त्याच्या ऑफिसर चाकूची नोंदणी १८९७ साली झाली. अशा चाकूत प्रत्येक अवजार उघडून, दाबून आणि मिटून पाहावे. एक उघडताना शेजारचे सोबत वर येत असेल, कात्रीची पाती एकमेकांवरून टोकापर्यंत सरकत नसतील, किंवा पेचकस हाताच्या जोराने वाकत असेल, तर तो नामांकित चाकूची नक्कल असण्याचा संभव मोठा. खऱ्या व्हिक्टोरिनॉक्सच्या मोठ्या पात्याच्या मुळाशी कंपनीचे नाव आणि स्वित्झर्लंडचा उल्लेख स्पष्ट अक्षरांत असतो. नकलेत अक्षरे पुसट किंवा वाकडी येतात. पण अक्षरांपेक्षा अवजारांची बसण अधिक खरे बोलते. नक्कल करणाऱ्याला नाव कोरता येते, सांधे जुळवता येत नाहीत.

पाकिटावरचा मजकूरही वाचावा. २०११च्या वैधमापन नियमांनुसार बंद पाकिटातल्या मालावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किंमत, महिना-वर्ष आणि माल आयात केलेला असल्यास मूळ देश छापणे बंधनकारक आहे. यातले काहीच नसलेला चाकू स्वस्त असेल, पण तक्रार घेऊन जायला ठिकाण नसते. पावती घ्यावी आणि बदलून मिळण्याची मुदत तिच्यावर लिहून घ्यावी, कारण खरी परीक्षा घरीच होते.

घरी पहिल्याच दिवशी वर्तमानपत्राचा कागद हातात धरून कापावा. पाते मुळापासून टोकापर्यंत न अडखळता गेले पाहिजे. जिथे कागद फाटतो तिथे धारेत दोष आहे. नंतर पिकलेला टोमॅटो न दाबता चिरून पाहावा, आणि मग जाड सुतळीचे तुकडे फळीवर ठेवून एकामागून एक कापावेत. सुतळी धार लवकर उतरवते. पंधरा-वीस तुकड्यांनंतर पुन्हा कागद कापला तर पोलाद किती टिकाव धरते याचा अंदाज येतो. त्याहून बारीक परीक्षा पितळी सळईची. साधारण सहा मिलिमीटर जाडीची गोल पितळी सळई टेबलावर ठेवून तिच्यावर धार तिरकी टेकवावी आणि हलका दाब देत पाते सरकवावे. धार किंचित वाकून दाब काढताच सरळ झाली तर पाणी बरोबर दिले आहे. वाकलेलीच राहिली तर पोलाद मऊ आहे, आणि कपची उडाली तर फार कडक. ही परीक्षा डोळ्यांवर चष्मा लावून आणि हलक्या हाताने करावी. जुनी पण चांगली कानसही उपयोगी पडते. पाठीवर, मुठीजवळ तिचा एक हलका हात मारला असता ती घसरत गेली तर पाते कडक आहे. ती पोलादात रुतून किस काढू लागली तर मऊ. काही कारागीर पाठ मुद्दाम मऊ ठेवतात, तेव्हा कानशीचा निकाल पितळी सळईच्या निकालाशी ताडून पाहावा.

या परीक्षेत चाकू नापास झाला तरी लगेच परत करण्याची घाई करू नये. कारखान्यातली पहिली धार बहुधा वेगाने फिरणाऱ्या पट्ट्यावर काढलेली असते. तिथल्या उष्णतेने अगदी कडेचे पोलाद मऊ पडलेले असते, किंवा घासताना सुटलेली केसाएवढी कोर तशीच राहिलेली असते. ती धार दोन-तीनदा बारीक दगडावर, दर बाजूला पंधरा ते वीस अंशांचा कोन धरून, भरपूर पाणी सोडत घासून काढली की आतले खरे पोलाद वर येते. त्यानंतरही धार दुमडत किंवा तुटत असेल तर मात्र पाणी चुकीचे दिलेले आहे आणि घरी त्याला इलाज नाही. बोथट धार, सैल स्क्रू, कडेला टोचणारा पत्रा, कोरडा सांधा हे दोष दगड, पाना, पॉलिश पेपर आणि तेलाचा थेंब यांनी जातात. निसटणारे लॉक, ढिला रिव्हेट, कमानीवर आपटणारी धार आणि चुकलेले पाणी हे दोष जात नाहीत. त्यांपैकी एक जरी सापडला तरी मुदतीच्या आत चाकू पावतीसह दुकानात परत न्यावा.